पुस्तिका शिळी होऊ नये म्हणून!

मुलांनो, शाळेचं वेळापत्रक वर्गाच्या भिंतीवर असतं आणि तुम्ही ते वहीतही उतरवून घेता. समजा, बाईंनी चित्रकलेचा तास बुधवारऐवजी शुक्रवारी ठेवला. भिंतीवरचा कागद बदलला. पण वहीतलं वेळापत्रक? ते तसंच! मग बुधवारी कुणीतरी रंगपेटी घेऊन येणारच.

संगणकाच्या जगातही असंच होतं बरं का! 'पायथन' ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा. नेदरलँड्सच्या गुइडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली लोकांसमोर आणली. ही भाषा मुक्त स्रोत आहे. म्हणजे तिची मूळ आज्ञावली कुणीही वाचावी, सुधारावी, फुकट वापरावी. ती कशी वापरायची हे सांगणारी मोठी माहितीपुस्तिका तिच्या संकेतस्थळावर आहे.

डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आली. त्याआधी 'प्रिंट' लिहून पुढे अवतरणचिन्हांत मजकूर दिला, की तो पडद्यावर उमटायचा. आता त्याला कंस घालणं सक्तीचं झालं. जुनं उदाहरण जसंच्या तसं उतरवलं, तर संगणक चूक दाखवतो. नवशिक्या मुलाला वाटतं, 'मला हे जमणारच नाही.' खरं तर चूक त्याची नसते, शिळ्या पानाची असते! एवढ्याशा कंसापायी एखादा शिकणंच सोडून देईल.

मग पायथनची मंडळी काय करतात? पुस्तिकेची मूळ पानं आणि भाषेची आज्ञावली ते एकाच भांडारात ठेवतात. भाषेत बदल करणाऱ्यानं पुस्तिकेचं पानही सोबतच सुधारायचं, अशी रीत आहे. संकेतस्थळावरची पानं कुणी हातानं उतरवत नाही. 'स्फिंक्स' नावाचा प्रोग्रॅम मूळ पानांवरून ती तयार करतो. त्यामुळे दुरुस्ती एकाच जागी करायची. शिवाय 'डॉकटेस्ट' हे साधन पुस्तिकेतली उदाहरणं चालवून बघतं, की उत्तर खरंच तेच येतं का.

आणि जुन्या पुस्तिका? त्या फेकत नाहीत. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली, तरी तिची पुस्तिका जपून ठेवली आहे. फक्त प्रत्येक पानावर आवृत्तीचा आकडा ठळक दिसतो.

पण यंत्राला सगळंच कळत नाही हं! उदाहरण बरोबर चालतं, पण शेजारचं वाक्य जुनं झालेलं असतं. ते ओळखायला वाचणारा माणूसच लागतो. चूक दिसली, की कुणीही ती कळवू शकतो. त्यासाठी मोठं शास्त्रज्ञ असावं लागत नाही, लक्ष देऊन वाचावं लागतं.

करून पाहा : आई-बाबांच्या मदतीनं पायथनची पुस्तिका उघडा. तिच्यावरचा आवृत्तीचा आकडा आणि तुमच्या संगणकातल्या पायथनचा आकडा जुळतो का? जुळत नसेल, तर आधी योग्य पुस्तिका निवडा आणि मगच पहिली आज्ञा लिहा!