परंड्याला कोणी विचारले?

परंडा म्हटले की मुलूखमैदान तोफ आठवते. १६३२ मध्ये ती येथील किल्ल्यातून विजापूरला नेली गेली. गावाला कोणी विचारले नाही. तो काळच तसा नव्हता. आज मात्र विचारण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि इतिहासप्रेमींचे तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नगरपरिषदेने विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध केले की नागरिकांना हरकती व सूचना मांडण्यासाठी ३० दिवस मिळतात. नियोजन समितीपुढे सुनावणीही होते. ऐतिहासिक वास्तू व स्थळांचे जतन हा आराखड्याचाच विषय आहे, असे कलम २२ सांगते. जुन्या तटालगतच्या मोकळ्या जागेवर कोणते आरक्षण असावे, रस्ता कोठून जावा, हे बोलण्याची वेळ तीच. सुधारित आराखडा साधारणपणे वीस वर्षांनी येतो. विशीतला तरुण तोवर चाळिशीत पोहोचतो.

येथे एक विसंगती खटकते. याच तालुक्यातील लहानशा खेड्यातही वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. उलट ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची सक्ती तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरती ठेवली. परंड्यासारखे तालुक्याचे गाव मधल्या मध्ये राहिले. नगरपरिषद असण्याची प्रतिष्ठा आहे खरी, पण ग्रामसभा नाही.

म्हणून त्या ३० दिवसांचे मोल येथे अधिक. बुरुजांची छायाचित्रे टिपणाऱ्यांनी प्रारूपाचा नकाशाही पाहावा, आणि जागेचा सर्व्हे क्रमांक नमूद करून हरकत लेखीच द्यावी. समाजमाध्यमावरील हळहळ सुनावणीच्या यादीत येत नाही.