गच्चीवरचा सूर्य आणि चाळीतले बिल

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१५ साली छतावरील सौरविजेसाठी नेट मीटरिंगचे नियम केले आणि २०१९ साली ते नव्याने लिहिले. दुपारी गच्चीवर तयार झालेली जादा वीज तारांत सोडावी, रात्री तितकीच परत घ्यावी आणि उरलेल्या फरकाचेच बिल भरावे, असा हा व्यवहार आहे. यावर वितरण कंपन्यांची तक्रार अशी, की तारा, रोहित्रे आणि रात्रीची वीज यांचा खर्च हा ग्राहक टाळतो व तो गरिबांवर पडतो.

या तक्रारीत तथ्य आहे. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. वरच्या टप्प्यातील ग्राहक शंभर युनिटांच्या आतल्या ग्राहकाचा भार काही अंशी उचलतो. तीन किलोवॅटचा संच महिन्याला सुमारे ३६० युनिटे देतो. पाचशे युनिटे वापरणारा बंगलेवाला त्यामुळे १४० वर येतो, म्हणजे महागडे टप्पेच त्याच्या बिलातून गळतात.

परंतु कंपन्यांचा हा गरिबांविषयीचा कळवळा तपासून घेतला पाहिजे. अंधेरी-बोरिवलीत अदानी व टाटा, मुलुंडला महावितरण. नियमांनुसार या सर्वांना भागभांडवलावर परतावा मिळतो आणि महसुलातील मान्य तूट पुढील दरनिश्चितीत ग्राहकांकडूनच वसूल होते. शिवाय वापराच्या जागीच तयार झालेल्या विजेमुळे वहनातील गळती वाचते, हा लाभ त्या तक्रारीत दिसत नाही.

खरा प्रश्न गच्चीच्या मालकीचा आहे. केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत घरमालकाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील झोपडीला किंवा चाळीतल्या भाडेकरूला गच्ची कोठली? अठ्ठावीस बिऱ्हाडांच्या इमारतीतही पाण्याच्या टाक्या वगळून जेमतेम पंधरा किलोवॅट बसतात. म्हणजे प्रत्येकी साठ-पासष्ट युनिटे. सार्वजनिक पैसा अशा रीतीने आधीच ज्याच्यापाशी छत आहे त्याच्याकडे वाहतो.

म्हणून नेट मीटरिंगला विरोध करणे हे उत्तर नव्हे. २०१९ च्या नियमांनी दहा किलोवॅटपर्यंतच्या ग्राहकाला ग्रिड-आधार आकारातून दिलेली सूट टिकली पाहिजे. त्यावरील व्यापारी व औद्योगिक ग्राहकांनी मात्र तारांचा रास्त वाटा द्यावा. महापालिकेच्या शाळा, मंडया आणि पुनर्वसन इमारती यांच्या छतांवर सार्वजनिक खर्चाने संच बसवावेत आणि त्यांची युनिटे परिसरातील गरीब कुटुंबांच्या बिलांत वळती करावीत. एका संचाची वीज अनेक बिलांत वाटण्याची पद्धत दिल्लीच्या आयोगाने २०१९ सालीच घालून दिली आहे.

दरवाढीच्या प्रस्तावांवर आयोग जाहीर सुनावणी घेतो. तेथे कंपन्यांचे वकील आणि उद्योगांचे सल्लागार आकडे घेऊन उभे असतात. आपल्या कार्यकर्त्यांनी वस्तीतली बिले गोळा करून, हरकती लेखी नोंदवून तेथे हजर राहिले पाहिजे. सूर्य सर्वांचा असला तरी त्याच्या विजेची वाटणी नियमच ठरवतात.