शेजाऱ्यांचें दार

विद्यापीठ म्हटलें कीं उंच इमारती, ग्रंथालयें आणि पदवीदानाचे झगे डोळ्यांपुढें येतात. कुंपणाबाहेर राहणाऱ्यांचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. विद्येचें स्थान जवळ असणें हेंच शेजाऱ्यांचें भाग्य, असें कित्येकांस वाटतें. आम्हांस तें मान्य नाहीं.

न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठ एका टेकाडावर वसलें आहे. टेकाडाच्या उतारावर मॉर्निंगसाइड पार्क ही सार्वजनिक बाग असून तिच्या पलीकडे हार्लेम ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. या बागेच्या कांहीं भागावर विद्यापीठानें व्यायामशाळा बांधावयास घेतली व १९६८ च्या फेब्रुवारींत खोदकाम सुरू झालें. इमारतीचा लहानसा भाग वस्तींतील लोकांस मिळावयाचा होता. पण विद्यार्थ्यांचें प्रवेशद्वार वर टेकाडाकडे, आणि हार्लेमकरांचें खालीं तळमजल्याकडे! जागा सर्वांची, आणि तिच्या धन्यांनींच खालच्या दारानें आंत यावें, हा कोठला न्याय? देणाऱ्यास यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं. घेणाऱ्यास मात्र तें तत्काळ बोंचलें. एप्रिलमध्यें विद्यार्थ्यांनीं विद्यापीठाच्या इमारती व्यापल्या (त्यांच्या मागण्यांत व्हिएतनाम युद्धाचाही प्रश्न होता), पोलीस आले, शेंकडों जणांस अटक झाली, आणि अखेर व्यायामशाळेचा बेत सोडावा लागला. उरलेल्या खड्ड्याचें पुढें तळें करण्यांत आलें. व्यायामापेक्षां तळें बरें, असें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस वाटेल!

फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा पूर्वेतिहासही फारसा निराळा नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत तेथील विद्यासंस्थांच्या विस्तारासाठीं शेजारची कृष्णवर्णीय वस्ती उठविण्यांत आली. परंतु २००१ सालीं त्याच विद्यापीठानें शहराच्या शाळाखात्याशीं सहकार्य करून परिसरांतील मुलांकरितां सरकारी शाळा उघडविली, तिला द्रव्यसाह्य दिलें, आणि १९२१ सालीं आपल्याच येथें अर्थशास्त्रांत डॉक्टरेट मिळविणाऱ्या सेडी अलेक्झांडर या कृष्णवर्णीय विदुषीचें नांव तिला देण्यांत आलें. प्राध्यापकाचें मूल आणि शेजारच्या मजुराचें मूल तेथें एकाच दारानें आंत जातें. हा मार्ग आम्हांस अधिक पसंत आहे.

तथापि शाळा नांवाजली, तशा तिच्या हद्दींतील घरांच्या किंमती चढल्या, आणि गरीब कुटुंबांस तेथें राहणें कठीण होऊं लागलें. हा प्रश्न विद्यापीठानें शेजाऱ्यांबरोबर एकत्र बसूनच सोडविला पाहिजे, आणि तोही पुढील इमारतीचा पाया खणण्यापूर्वीं.