भाबडे कोण?

आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. घरातील मुलगी अथवा मुलगा एखाद्या नटीच्या नादी लागलेला असतो. तिचे चित्रपट पुनःपुन्हा पाहणे, तिची छायाचित्रे जमवणे, तिच्याविषयी छापून आलेले अक्षर न् अक्षर वाचणे, हाच त्याचा उद्योग. मग वडीलधारी माणसे म्हणतात, ही तर मूर्तिपूजा! संतांची चरित्रे वाचण्याच्या वयात हे कसले खूळ? त्यातून ती नटी जुन्या हॉलिवूडमधली असेल आणि तिच्या आयुष्यात घटस्फोट झालेले असतील, तर संतापाला पारावार राहत नाही. 'असल्या बाईचे चित्र आपल्या घरात?' असा सवाल होतो आणि भिंतीवरचे चित्र खाली उतरते.

या सवालाला आज आम्ही उत्तर देऊ इच्छितो. ते वडीलधाऱ्यांना गोड लागणार नाही, याची आम्हांला जाणीव आहे. आम्हीही आता त्यांच्याच पंक्तीत बसतो. परंतु मूर्तिपूजेचा आरोप तरुण चाहत्यांवर करण्यापूर्वी, मूर्ती घडवते कोण आणि ती फोडते कोण, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी आम्ही इन्ग्रिड बर्गमनचे उदाहरण घेतो. कारण या एका नटीच्या बाबतीत चाहत्यांची मुले आणि समाजाची मोठी माणसे या दोघांचीही परीक्षा झाली, आणि तिचा निकाल आज आपल्यासमोर आहे.

1946 सालच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या आल्विन नाट्यगृहात मॅक्सवेल अँडरसन यांचे 'जोन ऑफ लोरेन' हे नाटक रंगभूमीवर आले. जोनची भूमिका इन्ग्रिड बर्गमन करीत होती. तिचा जन्म 29 ऑगस्ट 1915 रोजी स्टॉकहोमला झाला. लहानपणीच आई गेली, वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी वडीलही गेले. या पोरक्या मुलीच्या मनाने मुलीपणापासून एकाच व्यक्तीचा ध्यास घेतला होता: फ्रान्सची वीरकन्या जोन. आपण जोन व्हायचे, हे तिचे स्वप्न होते. म्हणजे पुढे जगभर जिचे चाहते झाले, ती स्वतःही आधी एक निष्ठावंत चाहतीच होती. तिच्या भक्तीचा विषय मात्र एक संत होती.

नाटकाचा प्रयोग संपला की नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी मुलामुलींचा एक घोळका थांबत असे. ही कोवळ्या वयाची मुले. हिवाळ्याचे दिवस असूनही ती तिची वाट पाहत उभी राहत आणि तिच्या मागोमाग चालत. पुढे या घोळक्याला 'आल्विन गँग' असे नावच पडले. तुम्ही-आम्ही तेथे असतो तर काय म्हणालो असतो? घरी अभ्यास नाही का? आईवडील काय करतात यांचे? एका नटीपायी हे भाबडेपण कशासाठी? हेच म्हणालो असतो. त्या मुलांची नावे इतिहासाने मोठ्या अक्षरांत लिहिलेली नाहीत. पण ती मुले लक्षात ठेवा. त्यांची गाठ आपल्याला पुन्हा पडणार आहे.

त्याच सुमारास मोठी माणसे काय करीत होती? 1945 साली 'द बेल्स ऑफ सेंट मेरीज' हा चित्रपट आला. बिंग क्रॉस्बी फादर ओ'मॅली झाला होता आणि इन्ग्रिड झाली होती सिस्टर मेरी बेनेडिक्ट: शाळेतील एका दुबळ्या मुलाला चक्क मुष्टियुद्धाचे धडे देणारी हसतमुख धर्मभगिनी. हा चित्रपट कॅथलिक कुटुंबांनी डोक्यावर घेतला. मग 1948 साली व्हिक्टर फ्लेमिंगच्या 'जोन ऑफ आर्क' या चित्रपटात तिने पुन्हा संत जोन साकारली. निर्माता डेव्हिड सेल्झनिक याने तिची प्रसिद्धीच अशी केली होती की, ही रंगरंगोटीविना वावरणारी, निर्मळ, घरंदाज बाई. मोठ्या माणसांनी ही प्रतिमा विनातक्रार गिळली. पडद्यावरची धर्मभगिनी हीच खरी बाई, असे त्यांनी धरून चालवले.

तिने स्वतः मात्र असा दावा कधी केला नव्हता. 1941 साली 'डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड' या चित्रपटात तिला सोज्वळ वाग्दत्त वधूची भूमिका देऊ केली होती; तिने ती नाकारून मद्यगृहातील बदनाम मुलीची भूमिका हट्टाने मागून घेतली. आपण नटी आहोत, संत नव्हे, हे याहून स्पष्ट ती कसे सांगणार होती? ज्यांना मूर्तीच हवी होती त्यांनी ते ऐकले नाही. वाचकहो, मूर्तिपूजेला येथे सुरुवात झाली, आणि ती मागच्या दाराशी उभ्या राहिलेल्या मुलांनी केलेली नव्हती.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. रोबेर्तो रोसेलिनी या इटालियन दिग्दर्शकाचे 'रोम, ओपन सिटी' आणि 'पायसा' हे चित्रपट पाहून ती भारावून गेली. पहिल्या चित्रपटात नाझींच्या गोळ्यांना सामोरे जाणारा धर्मगुरू आहे. 1948 साली तिने रोसेलिनीला पत्र लिहिले. 1949 साली त्याच्या 'स्ट्रॉम्बोली' चित्रपटासाठी ती इटलीला गेली आणि त्याच्या प्रेमात पडली. पती आणि दहा वर्षांची मुलगी पिआ अमेरिकेत राहिली. 2 फेब्रुवारी 1950 रोजी रोसेलिनीपासून तिला मुलगा झाला. विवाह झाला तो त्याच वर्षीच्या मे महिन्यात.

अमेरिकेत वादळ उठले. चर्चच्या व्यासपीठांवरून तिचा धिक्कार झाला, मेम्फिससारख्या शहरात 'स्ट्रॉम्बोली'वर बंदी आली. 14 मार्च 1950 रोजी कोलोरॅडोचे सिनेटर एडविन जॉन्सन यांनी देशाच्या सिनेटमध्ये उभे राहून तिच्यावर आग पाखडली आणि नटनट्यांनी व चित्रपटांनी सरकारी परवाना घ्यावा, म्हणजे अनीतिमानांचा परवाना काढून घेता येईल, असा प्रस्ताव मांडला. तीन-चार वर्षांपूर्वी जिला देव्हाऱ्यात बसवले, तिलाच उकिरड्यावर फेकले. दोन्ही वेळी हात तेच होते!

येथे कोणी आम्हांला विचारील, मग ती वागली ते बरोबर होते काय? मुळीच नाही. विवाहाची शपथ मोडणे हे पाप आहे, आणि ते नटीने केले म्हणून हलके होत नाही. त्यातही त्या लहान मुलीचे दुःख कोणत्याही युक्तिवादाने पुसता येणार नाही. 1952 साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयात तेरा वर्षांच्या पिआला उभे केले गेले आणि आईला भेटायला इटलीला जायचे नाही, असे तिने सांगितले. 1951 ते 1957 अशी सहा वर्षे मायलेकींची भेट झाली नाही. याचा दोष झाकण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. पाप घडले, हे खरे. पण दगड उचलण्याचा अधिकार त्या सिनेटरांना, त्या व्यासपीठांना आणि त्या प्रेक्षकांना कोणी दिला?

त्यांचा राग पापावर होता, असेही आम्हांला वाटत नाही. तसे असते तर तो हॉलिवूडमधल्या कितीतरी जणांवर निघाला असता. राग होता तो फसवणुकीचा: तू आमची धर्मभगिनी होतीस, आमची जोन होतीस, आणि आता केवळ एक बाई निघालीस! ज्याने आपली मूर्ती स्वतःच घडवली, तो ती भंगल्यावर स्वतःला कधीच दोष देत नाही.

1956 साली तर कमाल झाली. दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध सूत्रधार एड सुलिव्हन याने आपल्या कार्यक्रमात प्रेक्षकांना आवाहन केले: साडेसात वर्षे या बाईने प्रायश्चित्त भोगले आहे, तेव्हा तिला कार्यक्रमात आणावे की नाही, हे पत्रे लिहून कळवा. कॅथलिक वाचकांना यातील भयंकर विनोद समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या श्रद्धेनुसार पापनिवेदन गुप्त असते, ते एका पडद्याआड होते आणि क्षमा देवाची असते. येथे कोट्यवधी लोक कबुलीस्थानात जाऊन बसले होते आणि क्षमा टपालाने येणार होती! अशी क्षमा येत नसते, आणि तीही आली नाही. त्या कार्यक्रमात ती दिसली नाही.

आता पुन्हा त्या भाबड्या मुलांकडे वळू. 'अनास्तासिया' या चित्रपटासाठी न्यूयॉर्कच्या समीक्षकांचा पुरस्कार स्वीकारण्यासाठी जानेवारी 1957 मध्ये इन्ग्रिड बर्गमन बदनामीनंतर प्रथमच अमेरिकेत आली. कोण आपल्याशी कसे वागेल, याची तिला खात्री नव्हती. विमानतळावर फलक घेऊन तिच्या स्वागताला कोण उभे होते? तीच आल्विन गँग! दहा वर्षे लोटली होती, मुले मोठी झाली होती, पण ती जागची हलली नव्हती. मधल्या काळात वृत्तपत्रांनी त्यांना सर्व काही सांगितले होते. तरीही ती आली. तिचे वागणे योग्य होते, असे प्रमाणपत्र देण्यासाठी ती आली नव्हती. ती आपली आहे, एवढेच सांगायला आली होती.

यालाच आम्ही निष्ठा म्हणतो. आणि ही निष्ठा शुभवर्तमानाला अधिक जवळची आहे की त्या सिनेटरचे भाषण, याचा निर्णय वाचकांनीच करावा. योहानकृत शुभवर्तमानातील त्या स्त्रीचा प्रसंग आपण दर काही काळाने उपासनेत ऐकतो. दगड टाकून जे निघून गेले, त्यांत पहिले कोण होते, हे आठवते काय? वडीलधारे! त्यांना आपापला हिशेब आधी आठवला, हे त्यांचे मोठेपण म्हणायचे. पुन्हा पाप करू नकोस, असे प्रभूने त्या स्त्रीला सांगितले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण ते त्याने सर्व दगड खाली पडल्यानंतर सांगितले, हेही आपण विसरू नये.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. रोसेलिनी चित्रपट करण्यासाठी भारतात आला आणि 1957 साली सोनाली दासगुप्ता या विवाहित स्त्रीशी असलेल्या त्याच्या संबंधांची चर्चा येथील वृत्तपत्रांतून गाजली. जिने त्याच्यासाठी घर सोडले होते, तिलाच आता तो सोडून जात होता. सूड घेण्याची ही केवढी संधी! पण इन्ग्रिडने काय केले? लंडनमध्ये पंडित नेहरूंची भेट होताच, रोसेलिनीला त्याच्या चित्रफितींसह भारतातून बाहेर पडू द्यावे, अशी रदबदली तिने केली. आपल्या आत्मचरित्रात तिने हे सांगितले आहे. दगड झेललेल्या बाईने दगड उचलला नाही.

आम्ही तिला संत ठरवत आहोत, असा गैरसमज कृपया होऊ नये. नेमके तेच तर करायचे नाही! तिचे तीन विवाह झाले आणि तिन्ही मोडले. पण 1946 साली वॉशिंग्टनच्या लिस्नर सभागृहात कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही असे कळताच, हे आधी ठाऊक असते तर मी येथे आलेच नसते, असे पत्रकारांना ठणकावणारीही तीच होती. माणूस असाच असतो. त्याच्या आयुष्यातील एकच पान फाडून भिंतीवर लावता येत नाही, आणि एकच पान जाळूनही टाकता येत नाही.

तरुण चाहत्यांनाही आम्हांला दोन शब्द सांगायचे आहेत. नटीच्या चेहऱ्यावर तुम्ही प्रेम करता, त्यात गैर काही नाही. देवाने घडवलेले सौंदर्य डोळे भरून पाहणे हे पाप नव्हे. परंतु तिची भूमिका म्हणजे ती नव्हे, हे जाणून घ्या. तिची चूक कळली की तिचे समर्थन करीत सुटू नका, आणि तिला टाकूनही देऊ नका. हे दोन्ही टाळता आले, तर तुमचे हे वेड तुम्हांला जे शिकवील ते पुष्कळ धर्मशिक्षणाच्या वर्गांतूनही शिकता येत नाही: दोष पाहूनही माणसावर प्रेम कसे करावे. उद्या तुमचाच भाऊ, तुमचीच मैत्रीण चुकेल, तेव्हा ही विद्या उपयोगी पडेल.

जोनला 30 मे 1431 रोजी धर्मन्यायालयाच्या निकालानंतर जाळण्यात आले. तो निकाल चुकीचा होता, हे ख्रिस्तसभेने 1456 साली मान्य केले आणि 1920 साली तिला संतपद दिले. संत जोनशी तिच्या नटीची तुलना आम्ही करीत नाही. पण न्यायनिवाडा करणाऱ्यांची तुलना जरूर करतो. एप्रिल 1972 मध्ये सिनेटर चार्ल्स पर्सी यांनी त्याच सिनेटच्या कामकाजात इन्ग्रिडवरील जुन्या हल्ल्याबद्दल खेद नोंदवला. बावीस वर्षे लागली! 29 ऑगस्ट 1982 रोजी, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशीच, ती कर्करोगाने गेली. त्यानंतर काही दिवसांतच, गोल्डा मेयर यांच्या तिच्या अखेरच्या भूमिकेला एमी पुरस्कार मिळाला. तो स्वीकारायला मंचावर कोण आले? पिआ. सर्वांत मोठी जखम जिला झाली होती, तिने आईला केव्हाच क्षमा केली होती. ज्यांना ओरखडाही उमटला नव्हता, त्यांना मात्र ते बावीस वर्षे जमले नाही.

तेव्हा आईवडिलांनो, मुलांच्या भिंतीवरचे चित्र उतरवण्याची घाई करू नका. त्याऐवजी एखाद्या संध्याकाळी रोझरीनंतर मुलांसोबत बसा आणि 'द बेल्स ऑफ सेंट मेरीज' पाहा. मग त्या सिस्टरची भूमिका करणाऱ्या बाईची संपूर्ण कहाणी, काहीही न लपवता, त्यांना सांगा. त्यानंतरही मुले ते चित्र भिंतीवरून काढणार नाहीत. ते तसेच राहू द्या.