बारा लाखांस उतार, अडीच लाखांस कडा

सरकार पैसे वाटू लागले म्हणजे ते कोणास मिळतात, याबरोबरच कोणास नाकारले जातात हेही पाहावे. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू केली. स्त्रीस दरमहा १,५०० रुपये द्यावयाचे; पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांवर नसावे, अशी अट घातली. गरजवंतासच द्यावे, या तत्त्वास आमचा विरोध नाही. आमचा आक्षेप आहे तो ही रेघ ज्या रीतीने ओढली, त्या रीतीस.

समजा, एका कुंभाराच्या घरची मिळकत नेमकी अडीच लाख आहे. घरातील बाईस वर्षाचे १८,००० रुपये मिळतात. पुढल्या साली गणपतीच्या मूर्ती बऱ्या खपल्या आणि मिळकत हजाराने वाढली. नियमाप्रमाणे घरात हजार आले आणि अठरा हजार गेले! अधिक राबल्याबद्दल सतरा हजारांचा दंड, हा कुठला न्याय?

आता वरच्या मजल्यावरचा न्याय पाहा. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. १२ लाख १० हजार मिळविणाऱ्यास दराप्रमाणे ६१,५०० रुपये कर बसता. परंतु सीमेवर जेवढे मिळविले त्याहून अधिक कर घेऊ नये, अशी कायद्यातच सोय आहे. म्हणून त्याने उपकर सोडून १०,००० च भरावयाचे. अमेरिकेनेही २०२० च्या साथीत एकट्या माणसास १,२०० डॉलर दिले. त्याचे उत्पन्न ७५,००० डॉलरांवर गेले, तर वरच्या दर १०० डॉलरांमागे ५ डॉलर कापले. मदत एकदम तोडली नाही.

म्हणजे हा हिशेब सरकारास येत नाही असे नाही. तो कोणासाठी करावयाचा, एवढाच प्रश्न आहे.

शिवाय नोकरदाराचा पगार कागदावर असतो. शेतकऱ्याची मिळकत पावसावर आणि बाजारभावावर हेलकावते. पिवळे वा केशरी रेशनकार्ड नसेल तर तिचा आकडा कचेरीच्या लेखणीतून उतरतो. ही लेखणी कुणब्यास कशी नाडते, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ सालीच ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून दाखविले आहे.

आमचे मागणे दोनच: सीमा ओलांडताच मदत न तोडता ती टप्प्याटप्प्याने कमी करावी, आणि उत्पन्न एका सालाचे न धरता तीन सालांच्या सरासरीने धरावे.

बांधवांनो, दाखल्यावरील आकडा शिकल्या मुलीकडून वाचून घ्या. खोटा असेल तर तेथल्या तेथे हरकत घ्या. ही भीक नव्हे. चहापासून चपलेपर्यंत अनेक जिनसांवर तुम्ही कर भरता. तिजोरी तुमचीही आहे.