पाटावरून उठताना

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेची गोष्ट. धाकट्या बहिणीकडे डोंबिवलीला गेलो होतो. तिने रीतसर पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, निरांजन ओवाळले. ओवाळणीचे पाकीट ताटात ठेवून मी उठू लागलो, आणि उठताच येईना. आधी एक हात जमिनीवर टेकला, मग दुसरा गुडघ्यावर ठेवला, ‘अरे रामा’ म्हणून सुस्कारा सोडला, तेव्हा कुठे उभा राहिलो. सात वर्षांची भाची टाळ्या पिटून म्हणाली, “आई, मामा बघ उंटासारखा उठतो!” सगळे हसले. मीही हसलो. दुसरे काय करणार?

वास्तविक माझ्या प्रकृतीचा मला थोडासा अभिमानच होता. लग्नात माझे वजन अडुसष्ट किलो होते आणि बावीस वर्षांनंतरही ते तेवढेच होते. ही गोष्ट मी चारचौघांत अनेकदा ऐकवली आहे. नेहमीच्या वाचकांना ती या सदरातही एकदा ऐकावी लागली असेल. घरी आल्यावर मी पुन्हा तेच पालुपद लावले, तेव्हा सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “वजन तेच असेल हो! पण लग्नातला कोट घालून दाखवा पाहू.”

कोट काढला. हात बाह्यांत सहज गेले. बाह्या तर आता सैलच होत होत्या. पण बटणे आणि काजी यांच्यात वीतभर अंतर राहिले. दंडावरचे मांस गेले होते, तेवढीच चरबी पोटावर आली होती, आणि वजनाच्या काट्याला दोन्ही सारखीच! बावीस वर्षे काटा मला खोटे सांगत नव्हता. मीच त्याला भलता प्रश्न विचारत होतो.

आणि हे दुखणे माझ्या एकट्याचे नाही, ते आपल्या साऱ्यांचेच आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात संशोधन करणारे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे शेजारीशेजारी उभे असलेले छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन मोजायचा जो निर्देशांक असतो, तो दोघांचाही २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. परंतु शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांची भरली ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त! आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का गाठतो, याचे एक कारण या छायाचित्रात आहे. म्हणून काट्याच्या आधी शिंप्याची फीत घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध पोटाचा घेर मोजावा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की वजन काहीही असो, सावध व्हावे. माझा घेर ९७ निघाला.

एवढे होऊनही मी काही केले नाही. माणसाचा स्वभाव! खरी जाग आली ती पौषात.

माझी आई एकोणऐंशी वर्षांची आहे. एके रात्री ती न्हाणीघरात गेली, पाय धुवायला ठेंगण्या स्टुलावर बसली, आणि तिला उठता येईना. ती पडली नव्हती, घसरली नव्हती. नुसती बसली होती. आमची झोपमोड नको म्हणून तिने बराच वेळ हाकही मारली नाही. मी गेलो तेव्हा ती थंडीने कुडकुडत होती. तिला उचलायला वाकलो. बेचाळीस किलोची माझी आई मला एकट्याला उचलेना. शेजारच्या मुलाला उठवून आणावे लागले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “हाड मोडलेलं नाही, बाकी काही दुखणंही नाही. मांड्यांत ताकद उरलेली नाही, इतकंच.” पण त्या ‘इतकंच’चा अर्थ मला पुढे आठ दिवसांनी कळला. रात्री उठायची पाळी येऊ नये म्हणून आई संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हती.

तेव्हा वाचकहो, व्यायाम हा तरण्याताठ्या पोरांनी आरशापुढे दंड फुगवण्यासाठी करायचा असतो, ही समजूत आपण सोडून देऊ या. तिशी-चाळिशी उलटली की काहीच न केल्यास स्नायू दर वर्षी थोडेथोडे झिजतात, आणि म्हातारपणी आपले आपण उठावे की कुणाला हाक मारावी, हे त्या शिल्लकीवर ठरते.

आता मुख्य प्रश्न. चरबी कमी करायची आणि स्नायू वाढवायचे, ही दोन कामे एकदम होतात काय? होतात. चरबी म्हणजे घरात रचून ठेवलेले सरपण, आणि स्नायू म्हणजे भिंत. सरपण जाळून गवंड्याला राबवता येते, पण सरपणाच्या विटा होत नाहीत. विटा म्हणजे प्रथिने, ती रोज बाहेरून आणावी लागतात. आणि गवंडी तरी कामाला केव्हा येतो? भिंतीवर नेहमीपेक्षा जास्त भार पडला म्हणजे. खाणे किंचित कमी, प्रथिने पुरेशी, आणि स्नायूंवर वाढता भार, या तीन गोष्टी जुळल्या की दोन्ही कामे एकत्र चालतात. ज्याच्या अंगावर चरबी आहे आणि ज्याने व्यायाम कधी केला नाही किंवा सोडून दिला आहे, त्याला हे सर्वांत लवकर साधते. आळशी माणसाला निसर्गाने दिलेली ही एकच सवलत असावी!

यासाठी जिमची वर्गणी लागत नाही. भार आपल्यापाशीच आहे, आपलेच शरीर. साधा जोर काढताना वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हातांवर येतो. अडुसष्ट किलोच्या माणसाने पंचेचाळीस किलो ढकलले म्हणा ना! गुडघे टेकून काढला तर सुमारे निम्मा येतो. हात खाटेच्या कडेवर किंवा ओट्यावर ठेवले तर आणखी कमी. भिंतीवर हात टेकून उभ्याउभ्या केला तर सर्वांत कमी. म्हणजे भिंत, ओटा, खाट, गुडघे आणि शेवटी जमीन, अशी ही पाच पायऱ्यांची शाळा झाली. मी ओट्यापासून सुरुवात केली. पोळ्या लाटताना मध्येच नवरा ओट्याला लोंबकळलेला पाहून घरात जे संवाद झाले, ते येथे देत नाही.

दुसरा व्यायाम बैठकांचा. पाठ ताठ ठेवून खुर्चीवर बसावे आणि हाताचा आधार न घेता उठावे. ते सोपे झाले की खुर्ची काढून घ्यावी, मग हळूहळू अधिक खाली जावे. पुढे जिन्याच्या पायरीवर एकेक पाय ठेवून अंग वर उचलावे.

तिसरा व्यायाम ओढण्याचा, आणि तो आपण हमखास विसरतो. जोर-बैठकांत ढकलणे आहे, ओढणे नाही. मल्लखांबावर चढणाऱ्या मुलाला ते आपोआप घडते. आपण काय करावे? गॅलरीतला मजबूत खांब पाहून त्याभोवती जाड चादरीचा पीळ टाकावा, दोन्ही टोके धरून मागे रेलावे आणि छाती खांबाकडे ओढावी. खांब नसेल तर पाण्याची बादली घ्यावी. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो! एक हात टेबलावर टेकून कमरेत वाकावे आणि दुसऱ्या हाताने बादली बरगडीपर्यंत ओढावी. शेवटी कोपरे आणि पावलांची बोटे जमिनीवर टेकून सारे अंग फळीसारखे ताठ धरावे. वीस अंक मोजेपर्यंत टिकले तरी आरंभाला पुष्कळ झाले.

हे आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. प्रत्येक व्यायामाची तीन आवर्तने, मध्ये दोनेक मिनिटे विसावा. अर्ध्या तासात आटोपते. किती काढावेत? आठ ते पंधरा. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे, की थांबाल तेव्हा अंगात आणखी दोन-तीनच शिल्लक असावेत. पंधरा सहज होऊ लागले की पुढची पायरी चढावी. श्वास कोंडून धरू नये, ढकलताना सोडावा.

येथे कुणी म्हणेल, “आणि सूर्यनमस्कार?” अवश्य घालावेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा प्रसार हे जीवितकार्य मानले आणि आपल्या संस्थानातल्या शाळांतून ते सुरू केले. अंग लवचीक राहते, दम वाढतो. परंतु बाराचे पन्नास नमस्कार केले तरी वाढते ती संख्या, भार तोच राहतो. म्हणून नमस्कार किंवा झपझप चालणे उरलेल्या दिवशी ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली प्रौढांना हेच सांगितले आहे : आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायू कसणारा व्यायाम. पहिले दुसऱ्याचे काम करत नाही. आणि पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जाते, हा भ्रम सोडावा. चरबी साऱ्या शरीराच्या खात्यातून उचलली जाते. कोठून आधी उचलायची, ते शरीर ठरवते.

आता स्वयंपाकघरात येऊ. जुन्या तालमीतला पैलवान दूध, तूप, बदाम खायचा आणि पहाटे शेकड्यांनी जोर-बैठका मारायचा. आपण मध्यमवर्गीयांनी त्यातले तूप तेवढे घेतले! भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली. स्नायू कमवायचे तर १.२ ते १.६ ग्रॅम घ्यावीत. माझ्यासारख्याला ऐंशी ते शंभर ग्रॅम झाली. शाकाहारी घरात ती कशी भरतात पाहा. दोन पेले दूध १६, वरणाची पाऊण वाटी डाळ (कच्ची ७५ ग्रॅम) १७, मटकीची उसळ (कोरडी मटकी ५० ग्रॅम) ११, चार पोळ्या १३, दोन वाट्या दही ७, शंभर ग्रॅम पनीर १८. बेरीज ८२. अंडे खाणाऱ्याला प्रत्येकी सहा ग्रॅम, आणि मासळी खाणाऱ्याचे तर काम सोपेच. डब्यातली पावडर विषही नव्हे आणि अमृतही नव्हे. वरणच घट्ट झाले तर तिची गरज क्वचित पडते. आपण मात्र डाळीचे पाणी वाढतो आणि त्याला वरण म्हणतो.

कमी काय करायचे? उपासतापास नकोत. चहात दोन चमचे साखर आणि दिवसाचे चार कप, म्हणजे १६० उष्मांक. फोडणीतले एक मोठा चमचा तेल १२० उष्मांक. एवढेच दोन वगळले तर रोजचे २८० वाचले. किलोभर चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात, म्हणजे महिन्याला एक किलो झाली. याहून घाई केली की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि मग कोटाच्या बाह्या आणखी सैल होतात.

झोपेचेही तसेच आहे. शिकागो विद्यापीठात दहा स्थूल माणसांना दोन आठवडे कमी आहारावर ठेवून साडेआठ तास व साडेपाच तास झोपेच्या संधीची तुलना केली होती. ते निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. वजन दोन्ही वेळा सारखेच, सुमारे तीन किलो उतरले. पण पुरेशा झोपेत चरबी १.४ किलो गेली, अपुऱ्या झोपेत अवघी ०.६. बाकीची घट चरबीची नव्हतीच. पाहा, येथेही काट्याला काही कळले नाही!

भगिनींनी “आमचं घरकाम म्हणजे व्यायामच की” असे म्हणून सुटका करून घेऊ नये. घरकामाने माणूस दमतो, पण भार वाढत नाही. दंड पुरुषासारखे होतील ही भीतीही नको. तेवढे मांस स्त्रीच्या अंगावर सहजी चढत नाही. उलट पाळी थांबल्यावर हाडांना जो आधार लागतो, तो याच व्यायामाने मिळतो. छातीत दुखणे, आवाक्यात नसलेला रक्तदाब, गुडघ्याचे जुने दुखणे असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा मधुमेहाचे औषध चालू असेल, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारूनच व्यायाम आणि आहार बदलावा.

आमच्या घरचा हिशेब सांगून रजा घेतो. पहिले दोन महिने काहीच दिसले नाही. जोर तेवढे वाढत गेले. तिसऱ्या महिन्यात पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले. आज घेर ८९ सेंटिमीटर आहे आणि वजन सहासष्ट. दोन किलो उतरवायला दहा महिने लागले, असे कार्यालयातला एक मित्र कुचेष्टेने म्हणाला. मी त्याला कोट दाखवला. बटणे अजून लागत नाहीत. पण वीत गेली, दोन बोटे उरली.

आईने डॉक्टरांच्या सांगण्यावरून खुर्चीवरून उठणे-बसणे सुरू केले. पहिल्या दिवशी दोन वेळा जमले, तेही माझा हात धरून. आता सकाळ-संध्याकाळ आठ वेळा, हात छातीशी धरून करते, आणि मोठ्याने मोजते. आषाढात एका रात्री न्हाणीघराचा दिवा लागल्याचे पाहून मी धडपडत उठलो. ती दारातच भेटली. “तू कशाला उठलास? नीज जा,” म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी प्यायली.

फराळ करा, मनसोक्त करा. चार दिवसांच्या चकल्या-करंज्यांनी कुणाचे पोट सुटत नाही, सुटते ते उरलेल्या वर्षात. मात्र या भाऊबीजेला पाटावरून उठताना हात टेकावा लागतो का, तेवढे पाहा. टेकावा लागला तर लाजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी जा आणि पाच जोर काढा.