'जीर्णोद्धार' म्हणू नका

चर्चच्या रेस्टोरेशनविषयी टॉमस हार्डीने १९०६ साली लिहिलेल्या आठवणींचा अनुवाद करत होते. संपादकांनी 'रेस्टोरेशन' सगळीकडे खोडून 'जीर्णोद्धार' केलं. इंग्रजी शब्द ठेवणं हा अनुवादकाचा आळस, असा शेराही समासात मारला.

आळस नव्हे. जीर्णोद्धार हा पुण्याचा शब्द आहे. हिंदी, गुजराती, कन्नडमध्येही. करणाऱ्याला त्यात आधीच आशीर्वाद मिळालेला असतो. हार्डी तर इथे कबुलीजबाब देतो आहे.

७ मार्च १८७० रोजी एकोणतीस वर्षांचा हार्डी वास्तुविशारदाचा सहायक म्हणून कॉर्नवॉलमधल्या सेंट ज्युलियटला गेला. काम होतं मोडकळीला आलेल्या चर्चची मोजमापं घेण्याचं. तिथे पाद्रीसाहेबांची मेहुणी एमा भेटली, पुढे तिच्याशी लग्न झालं. त्यामुळे ही फेरी प्रेमकथा म्हणूनच सांगितली जाते. चर्चचं काय झालं? जुना मनोरा पाडला. मूळ मधल्या दालनाच्या पुरातन भिंती गेल्या, सॅक्सन घाटाचं उत्तरेकडचं दार गेलं, बाकांचं कोरीवकाम गेलं. दक्षिणेकडचं बाजूचं दालन हेच मुख्य दालन झालं. वेदीसमोरच्या लाकडी आडपडद्याची हार्डीने बारकाईने रेखाटनं केली होती, दुरुस्तीच्या सूचना दिल्या होत्या. पुन्हा येऊन पाहतो तर तिथे वॉर्निश मारलेला कोरा करकरीत पडदा! आपण उदारपणे नवा दिला म्हणून कंत्राटदार खूश. १८७२ साली चर्च पुन्हा उघडलं.

इमारत ढासळत होती हे खरं. त्या काळच्या सुधारकांचे सगळेच हेतू वाईट होते असंही नाही. बड्या घराण्यांच्या उंच फळ्यांच्या राखीव बैठका काढून सर्वांसाठी सारखी बाकं आणणं मला तरी न्याय्यच वाटतं. पण त्याच झपाट्यात गावोगावच्या चर्चमधले वादकांचे सज्जे उखडले गेले. स्टिन्सफर्डच्या अशाच सज्ज्यात हार्डीचे आजोबा आणि वडील वाजवत. ते वादक कसे बाजूला पडले, याची त्याची कादंबरी 'अंडर द ग्रीनवुड ट्री' १८७२ सालीच आली. एका हाताने पाडायचं, दुसऱ्याने आठवण लिहायची. हे अवघडलेपण 'जीर्णोद्धारा'त कुठे बसवायचं?

आमच्या गावच्या देवळाचा लाकडी सभामंडप पाडून स्लॅब घातला, भिंतींना न्हाणीघराच्या फरशा लावल्या. त्याच्या पावतीपुस्तकावरही 'जीर्णोद्धार'च होतं. संपादक म्हणाले, मग शब्द चपखल आहे की! नाही. वाचक तो पावती फाडणाऱ्याच्याच अर्थाने घेणार.

प्रुफांत सगळीकडे 'रेस्टोरेशन' परत लिहून पाठवलं आहे. अजून उत्तर नाही.